आरोग्य कट्टा : धाप लागली, एक्स-रे नॉर्मल... पुढे काय?

मंडळी, इंदूरहून पुण्याला रात्रभर बसने जाणं आपल्याला नवीन नाही. घरोघरी गुडघ्याची ऑपरेशनंही होतात. पण बराच वेळ पाय हलले नाहीत, की पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. ती सुटून फुप्फुसात अडकली, की अचानक धाप लागते, छातीत दुखतं. वेळीच कळलं नाही तर जिवावर बेततं.

छातीच्या एक्स-रेत ही गुठळी सहसा दिसत नाही. रिपोर्ट नॉर्मल आला की आपण मात्र निर्धास्त होतो! ती दिसते सीटी पल्मनरी अँजिओग्राफीत. हाताच्या शिरेतून आयोडीनयुक्त औषध देतात. त्यामुळे फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या पांढऱ्या दिसतात आणि गुठळी त्यात काळसर उठून दिसते. किडनीचा त्रास किंवा औषधाची ॲलर्जी असेल तर आधीच सांगावं. अशांसाठी व्ही-क्यू स्कॅनचाही पर्याय असतो.

टेनिसपटू सेरेना विल्यम्सला २०१७ मध्ये बाळंतपणानंतर धाप लागली. पूर्वी हा आजार झालेला असल्याने तिने सीटी स्कॅनचा आग्रह धरला. आधी पायांची सोनोग्राफी झाली, त्यात काही सापडलं नाही. सीटीत मात्र फुप्फुसातल्या गुठळ्या दिसल्या.

तेव्हा आई-बाबांना अचानक धाप लागली, तर 'गॅस असेल' म्हणून थांबू नका. लगेच हॉस्पिटल गाठा आणि नुकताच झालेला प्रवास, ऑपरेशन डॉक्टरांना आवर्जून सांगा. तपासणी ते ठरवतील. ही माहिती मात्र घरच्यांनीच द्यायची असते.