‘चाला’ एवढं लिहून भागत नाही



“डॉक्टर, गोळ्या वेळेवर घेतो, गोडही सोडलं. ते चालायचं तेवढं जमत नाही बघा.” हे वाक्य मला दवाखान्यात जवळजवळ रोज ऐकायला मिळतं. माझं उत्तरही ठरलेलं असायचं, “वेळ काढा. तब्येत तुमची आहे.” तुम्हीही तुमच्या डॉक्टरांकडून हे ऐकलं असेल, मान डोलावली असेल आणि घरी जाऊन विसरला असाल. पंचवीस वर्षं हाच सल्ला दिल्यावर माझं मत असं झालंय, की यात तुमच्यापेक्षा आमची चूक जास्त आहे. किती चालायचं ते आम्ही सांगतो, पण घराबाहेर कशासाठी पडायचं ते सांगत नाही.

हे मला कोणत्या परिषदेत कळलं नाही. माझ्या थोरल्या बहिणीकडे गेलो असताना कळलं.

ताईचा एक साधा दिवस

ताई गेली पस्तीस वर्षं इंग्लंडमध्ये, यॉर्कशायरमधल्या ऑटली नावाच्या छोट्या गावात राहते. वय ६४, मधुमेह बारा वर्षांचा, गुडघे दुखरे. दर रविवारी फोनवर मी विचारायचो, “ताई, चालतेस ना?” ती म्हणायची, “हो रे, बघते.” म्हणजे नाही.

घरात बर्टी नावाचा लॅब्रॅडॉर आहे. तो भावोजींचा. ताईला कुत्र्यांचं कौतुक कधीच नव्हतं. सोफ्यावरचे केस झाडता झाडता ती कुत्र्याला आणि भावोजींना एकदमच बोलून घ्यायची. अडीच वर्षांपूर्वी भावोजी गेले. दिवसकार्य झालं, आलेली माणसं आपापल्या घरी परतली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला बर्टी पट्टा तोंडात धरून तिच्या खोलीच्या दाराशी येऊन बसला. “त्याला काय सांगणार होते? माझा गुडघा दुखतोय म्हणून?” ताई मला म्हणाली. ती उठली, कोट चढवला आणि बाहेर पडली. तेव्हापासून तिचा एकही दिवस चुकलेला नाही.

गेल्या मे महिन्यात मी तिच्याकडे होतो. सकाळी व्हार्फ नदीच्या काठाने अर्धा तास. दुपारचं जेवण झाल्यावर गावाच्या डोक्यावरच्या शेविन टेकडीवर तासभर, आणि रात्री झोपण्यापूर्वी गल्लीच्या टोकापर्यंत एक फेरी. दुपारच्या फेरीत मात्र ताईने फोन काढला. तिच्या नातवाने त्यात ‘जिओकॅशिंग’ हा खेळ घालून दिलाय.

हा खेळ म्हणजे मोठ्यांची लपाछपी. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएस उपग्रहांच्या सामान्यांना मिळणाऱ्या संदेशात मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली, आणि साध्या यंत्रावरही काही मीटरपर्यंत अचूक जागा कळू लागली. लगेच दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ओरेगन राज्यातल्या एकाने एक बादली रानात लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. ज्यांना शोधायची त्यांनी शोधावी! आज जगभर अशा तीस लाखांहून जास्त डब्या लपवलेल्या आहेत. डबी सापडली की आतल्या कागदावर नाव-तारीख लिहायची आणि ती होती तशी परत ठेवायची. बक्षीस काही नाही.

फोनने आम्हाला एका दगडी गडग्यापाशी आणलं आणि तिथे हात टेकले. शेवटच्या चार-पाच मीटरमध्ये डोळेच वापरावे लागतात. ताई गडग्याला धरून वाकली, उकिडवी बसली, उठली, मान वळवून फटीत बघितलं, पुन्हा बसली. हीच बाई मला फोनवर सांगायची, की खाली बसता येत नाही! शेवटी मुठीएवढी डबी निघाली. समोरून दोघं चालत आले तेव्हा तिने चटकन डबी खिशात टाकली आणि बर्टीचा पट्टा नीट करत असल्याचं सोंग केलं. ते पुढे गेल्यावर ती इतकी हसली, की भावोजी गेल्यानंतर मी तिला पहिल्यांदाच असं हसताना पाहिलं.

रात्री मी फोनवर पावलं मोजली. अकरा हजारांच्या वर होती. “ताई, तुझी किती?” म्हटलं, तर ती म्हणाली, “मी कशाला मोजू? बर्टीचं पोट साफ झालं, डबी सापडली. झालं की.”

शरीरात काय घडतं?

चालताना मांडीचे आणि पोटरीचे मोठे स्नायू रक्तातली साखर थेट ओढून घेतात, आणि आकुंचन पावणाऱ्या स्नायूला त्यासाठी इन्सुलिनची वाट पाहावी लागत नाही. म्हणून जेवणानंतरचं चालणं साखरेची उसळी कमी करतं. आपली शतपावली अगदी योग्य वेळी सांगितलेली होती. पावलांचा आकडा तेवढा वाढवायला हवा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. व्यायामामुळे शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारतो, पण तो परिणाम साधारण एक-दोन दिवसच टिकतो. रविवारी सिंहगड चढून आठवडाभर खुर्चीत बसलात, तर बुधवारपर्यंत तो फायदा संपलेला असतो. म्हणून मधुमेहींनी सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नये. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. तो शिस्तीवर सोडला तर खंड पडतोच. बर्टी खंड पडू देत नाही.

गुडघ्याच्या संधिवातातही बेताचं, नियमित चालणं सांध्याला झिजवत नाही. आजूबाजूचे स्नायू बळकट झाल्याने वेदना बहुधा कमीच होतात.

ताईचं तीन महिन्यांचं साखरेचं सरासरी प्रमाण, म्हणजे एचबीए१सी, ८.४ वरून ७.१ वर आलं आहे. औषधं तीच आहेत. एका माणसाचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, हे मी तुम्हाला नेहमी सांगतो आणि बहिणीच्या बाबतीतही तेच सांगेन. पण पुरावा अगदीच नाही असंही नाही.

खेळ सहा आठवडे, कुत्रा बारा वर्षं

२०१६ साली ‘पोकेमॉन गो’ आला तेव्हा तरुण पोरं फोन घेऊन रस्त्यावर हिंडायला लागली. त्याच वर्षी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या अभ्यासात असं दिसलं, की खेळ घेतल्यावर पहिल्या आठवड्यात रोजची सरासरी ९५५ पावलं वाढली. सहाव्या आठवड्यापर्यंत सगळं पूर्ववत! नुसतं कुतूहल विझतं.

उलट, लिव्हरपूल विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासात कुत्रा असलेल्यांनी शिफारशीइतका व्यायाम करण्याची शक्यता इतरांच्या चौपट आढळली. चालण्याची आवड असलेली माणसंच कुत्रा पाळत असतील, हा आक्षेप योग्यच आहे. माझ्या बहिणीला मात्र तो लागू पडत नाही.

माझं मत असं, की चालणं टिकायला दोन गोष्टी लागतात : कुणीतरी आपल्यावर अवलंबून असणं आणि पुढे काहीतरी नवं सापडण्याची आशा. पहिली माणसाला दाराबाहेर काढते, दुसरी त्याला थोडं लांब नेते. ‘एचबीए१सी कमी करायचं आहे’ हे कारण खरं असलं, तरी पहाटे साडेपाचला पांघरुणातून ओढून काढण्याइतकी ताकद त्यात नसते.

म्हणून उद्याच जाऊन कुत्रा आणू नका. तो पावलं मोजायचं यंत्र नव्हे. दहा-पंधरा वर्षांची जबाबदारी असते.

मग तुम्ही काय कराल?

तुमचं कारण शोधा. नातवाला शाळेत पायी सोडा. रोजची भाजी रोज, लांबच्या मंडईतून आणा. शेजारच्या आजोबांना हाताला धरून बागेत न्या. जोडीला एखादा शोध ठेवा : गावातली जुनी देवळं, वाडे, फुललेली झाडं, पक्षी. रोज एक नवी गोष्ट पाहून घरी येऊन सांगायची.

थोडी काळजीही घ्या :

- कुत्र्याचा पट्टा मनगटाला गुंडाळू नका. त्याने हिसका दिला तर तोल जातो; उतारवयात असं पडून हाडं मोडतात.
- चालताना फोनकडे बघू नका. थांबा, बघा, मग चाला.
- मधुमेहींनी बंद बूट घालावेत, घरी आल्यावर तळपाय तपासावेत. इन्सुलिन किंवा साखर एकदम खाली आणणारी औषधं घेत असाल तर खिशात साखर ठेवा.
- चालताना छातीत दाब किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप जाणवली तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.
- कुत्रा चावला किंवा त्याचं नख लागलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. हळद, तिखट, चुना काही लावू नका.

जाता जाता एक कबुली. माझं स्वतःचं एचबीए१सी ६.१ आहे, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. हे मला दोन वर्षं माहीत होतं आणि मी चालत नव्हतो. आता खालच्या मजल्यावरच्या काकांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि त्यांच्या कुत्रीला सकाळी फिरवायचं काम मी मागून घेतलंय. चार महिने झाले. काका आता बरे आहेत, पण मी पट्टा अजून परत दिलेला नाही.

दवाखान्यातला माझा प्रश्नही बदललाय. “चालता का?” असं मी आता विचारत नाही. “सकाळी तुमची वाट कोण बघतं?” असं विचारतो. तुमचं उत्तर काय आहे ते आज जरा ठरवून ठेवा.