अर्पणाआधीची वाट

नाताळ येतो तेव्हा आमच्या झाडीपट्टीत धानाची कापणी उरकलेली असते. बांध्या मोकळ्या, पुंजणे रचलेले, धुऱ्यावर तेवढ्या तुरी उभ्या. मूलच्या आसपास कोणत्याही गावी जावे, त्या धुऱ्यावरून बोलणे तुटलेली दोन घरे हमखास सापडतात. हाणामारी नाही, कोर्टकचेरी नाही; केवळ अबोला. गावकरी त्यालाच ‘आता शांतता आहे’ असे म्हणतात. बेथलेहेमच्या रानात मेंढपाळांना मिळालेली शांतीची वार्ता आज चर्चमधून गायिली जाईल. ती शांती आणि ही शांतता एकच काय, हा प्रश्न सणाच्या दिवशी विचारणे कोणास अप्रस्तुत वाटेल. मला तो आजच विचारावासा वाटतो.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात प्रभूची एक विलक्षण आज्ञा आहे. वेदीपाशी अर्पण घेऊन आलेल्या मनुष्याला आपल्या भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर त्याने अर्पण तेथेच ठेवावे, आधी जाऊन समेट करावा आणि मग परत यावे. या वचनातील एक बारकावा आपण सोयीस्करपणे विसरतो. माझा भावावर राग असेल तर, असे येथे म्हटलेले नाही. भावाला माझ्याविषयी तक्रार असेल तर, असे म्हटले आहे. म्हणजे उठून जाण्याचा भार ज्याने धुरा सरकविला त्याच्यावर आहे, ज्याची जमीन गेली त्याच्यावर नव्हे. दुबळ्याला ‘तू गप्प राहा, शांती राख’ असे सांगणारी शिकवण सबळांना फार आवडते. परंतु ती ख्रिस्ताची नव्हे.

चांदा धर्मप्रांत सिरो-मलबार परंपरेचा आहे. (1962 मध्ये येथे स्वतंत्र धर्मक्षेत्र स्थापन झाले व 1977 मध्ये त्यास धर्मप्रांताचा दर्जा मिळाला.) लॅटिन परंपरेच्या मिस्सामध्ये परस्परांना शांती देण्याचा विधी प्रभूच्या प्रार्थनेनंतर, कम्युनियनच्या आधी येतो. सिरो-मलबार मिस्सामध्ये तो अर्पणाच्या महाप्रार्थनेच्या आरंभीच येतो. वेदीपासून निघालेली शांती हातोहात शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचते आणि मग महाप्रार्थना पुढे चालते. क्रम तोच, मत्तयाने सांगितलेला. अडचण एवढीच, की ज्याला खरोखर शांती द्यावयाची तो बहुधा आपल्या रांगेत नसतो. महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसे शंभरांत एक, 2011 च्या जनगणनेनुसार त्याहून किंचित कमीच. आपला शेजारी, सावकार, मजूर, बांधालगतचा शेतकरी बहुतेक अन्य धर्माचाच असणार. चर्चच्या दारात संपणारी शांती त्याच्यापर्यंत पोहोचावी कशी?

भिन्न धर्माच्या माणसांनी एकत्र नांदण्याचा आपल्याकडील सर्वांत हृद्य दाखला एका घरातलाच आहे. नारायण वामन टिळकांना नवा करार प्रथम मिळाला तो राजनांदगावला जाणाऱ्या आगगाडीत, एका सहप्रवाशाकडून. 1895 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या. काही वर्षांची ताटातूट, पुढे पुन्हा एकत्र येणे आणि 1900 मध्ये लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या मनाने घेतलेला बाप्तिस्मा, हे सारे ‘स्मृतिचित्रां’त आले आहे. टिळक शीघ्रकोपी होते, हेही त्यांनीच हसतहसत लिहून ठेवले. शांत स्वभाव असला तरच शांतीने राहता येते, असे मानणाऱ्यांनी ते पुस्तक जरूर वाचावे.

आणि ही साधना काही ख्रिस्ती लोकांची मिरासदारी नव्हे. मूलजवळच्या सोमनाथला बाबा आमटे यांनी कुष्ठरुग्णांच्या श्रमातून शेती उभी केली. ज्यांच्या सावलीलाही लोक भीत, त्यांच्या हातचे धान तेथे पिकले. बाबा ख्रिस्ती नव्हते.

आता माझे स्वतःचे सांगतो, नाहीतर हा लेख म्हणजे दुसऱ्यास ब्रह्मज्ञान ठरेल. एका अवर्षणाच्या वर्षी तलावाचे पाणी पाळीने मिळत असता मी रात्री जाऊन ते पाळीआधी माझ्या बांधीत वळविले. शेजाऱ्याचा धान वाळला. त्यानंतर सात नाताळ मी नवे कपडे घालून मिस्साला गेलो, डावीउजवीकडे शांती दिली, अर्पणही केले. दिवाळीला त्याच्या घरून येणारे फराळाचे ताट बंद झाले होते, त्याचा मला उलट रागच होता! आठव्या वर्षी कसाबसा त्याच्या अंगणात गेलो, चूक कबूल केली आणि त्या हंगामातल्या दोन पोती धानाचे बोललो. त्याने ऐकून घेतले. धान नको म्हणाला. बस म्हणाला नाही.

पौलाने रोमकरांस लिहिताना सर्वांशी सलोख्याने राहण्यास सांगितले, पण त्यास आपल्याकडून होईल तेवढे, अशी जोड दिली. मी बरीच वर्षे ही पळवाट समजत होतो. आता वाटते, की तिच्यात पळण्यास जागाच नाही. समोरच्याचे उत्तर माझ्या हाती नसले तरी माझे जाणे माझ्याच हाती आहे. तेव्हापासून दर नाताळला करंज्यांचे ताट त्याच्या घरी जाते. पहिल्या वर्षी ताट घासून, रिकामे परत आले. गेल्या वर्षी त्यात तुरीच्या ओल्या शेंगा होत्या. तो अजून फारसे बोलत नाही. आज मिस्साला निघण्यापूर्वी ताट घेऊन जाणार आहे. उशीर झाला तर शेवटच्या रांगेत बसेन.