नसलेलं देणं

परवा सकाळी साडेसहाला आईला वसुलीवाल्याचा फोन. बाबांच्या नावावर म्हणे क्रेडिट कार्डाचे १८ हजार थकलेत. बाबांना जाऊन ९ वर्षं झाली, आणि कार्ड त्यांनी कधी घेतलंच नव्हतं! "देऊन टाकू रे, चारचौघांत शोभा नको," आई रडवेली.

ही माणसं नेमकी या लाजेवर जगतात. मी एवढंच म्हटलं, "कागद पाठवा, लेखी." शिवाय सकाळी ८च्या आधी नि संध्याकाळी ७नंतर वसुलीचे फोन नकोत, असं रिझर्व्ह बँकेने २०२२मध्येच बजावलंय, तेही ऐकवलं.

खरं देणं बुडवू नये, हे बाबांचंच शिकवणं. पण नसलेलं देणं भीतीपोटी फेडणं हा काही प्रामाणिकपणा नव्हे.

असो. कागद अजून आलेला नाही. तुम्हाला असा फोन आला, तर आधी कागद मागा.