फॉरमॅट करण्याआधी

आमच्या कासूला पावसाळ्यात लाइट जाते तशी येतेही, पण येताना झटका देऊन येते. गेल्या जुलैत अशाच एका रात्रीनंतर शेजारच्या खालांचा कॉम्प्युटर बंद पडला. बटण दाबलं की पंखा फिरायचा, स्क्रीन मात्र काळीच. नातीने दुकानात विचारलं. उत्तर आलं, "फॉरमॅट करावा लागेल, आतलं सगळं जाईल."

खाला माझ्याकडे आल्या. "बेटा, मशीन गेलं तर जाऊ दे. पण त्यात तुझ्या खालूंचा आवाज आहे."

२०२० साली शाळा बंद असताना खालूंनी नातीसाठी हा कॉम्प्युटर घेतला होता. त्याच जूनच्या ३ तारखेला निसर्ग वादळ आलं आणि आपल्या रायगडात कितीतरी गावं दिवसेंदिवस अंधारात राहिली. लाइट आल्यावर खालू रोज संध्याकाळी नातीला उर्दूचा धडा वाचून दाखवत आणि तो रेकॉर्ड करून ठेवत. आता खालू नाहीत.

मी शिक्षिका आहे, इंजिनियर नाही. पण मुलाचं गणित चुकलं तर आपण वही फाडत नाही, कुठल्या पायरीवर चुकलं ते शोधतो. इथेही तेच केलं. फॉरमॅट म्हणजे हार्डडिस्क पुसणं. स्क्रीनवर एक अक्षरही उमटत नसेल, तर दोष बहुधा डिस्कच्या आधीच्या पायरीवर असतो.

आधी मॉनिटरची केबल काढून पुन्हा घट्ट बसवली. फरक नाही. मग प्लग काढला, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवलं, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. डब्याच्या लोखंडाला हात लावला आणि रॅमची पट्टी काढली. कोकणच्या दमट हवेत तिच्या सोनेरी दातांवर थर बसतो. साध्या पांढऱ्या खोडरबराने ते हलके पुसले, भुगा झटकला आणि दोन्ही बाजूंनी 'टक' आवाज येईपर्यंत पट्टी बसवली. वीज आत घेणारा चौकोनी डबा, एसएमपीएस, मात्र कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात धोकादायक वीज साठलेली असते.

स्क्रीन उजळली! तारीख मात्र कित्येक वर्षं मागची. म्हणजे मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला. सीआर २०३२ नावाचा हा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तो बदलला, तरी विंडोज काही उघडेना.

नात म्हणाली, "आता फॉरमॅटच ना?"

"आधी डिस्क बाहेर," मी म्हणाले. ती काढून वेगळा अडॅप्टर असलेल्या यूएसबी केबलने माझ्या लॅपटॉपला जोडली. डिस्कमधून खडखड किंवा टकटक आली असती, तर तिथेच थांबून जाणकाराकडे दिली असती. अशी डिस्क पुन्हा पुन्हा चालू केली की उरलेलंही जातं. पण ती शांत होती. फोल्डर दिसले, 'दादाजान' नावाचाही. सगळं दोन ठिकाणी उतरवून घेतलं आणि एक फाइल लावली. खालूंनी घसा साफ केला, धड्याचं नाव सांगितलं. खाला पदर डोळ्यांना लावून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

मग कॉम्प्युटर दुकानात दिला आणि फॉरमॅटच करून घेतला. दुकानदाराचं निदान चुकलं नव्हतं, क्रम चुकला होता.

म्हणून भगिनींनो, मशीन दुरुस्तीला देताना आधी एक वाक्य सांगा: "विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नका." वीज कडाडायला लागण्याआधीच प्लग काढा. आणि घरातल्या माणसांचे फोटो, आवाज, मुलांचे दाखले यांची एक प्रत घरी, दुसरी माहेरी किंवा भावाकडे ठेवा. मशीन बाजारात पुन्हा मिळतं.