विहारयात्रा आणि धर्मयात्रा

हल्ली दिवाळीच्या सुट्टीत आमच्या ओळखीची मंडळी भूमध्य समुद्राकाठी जाऊन येतात. एकीकडे वाळूचा किनारा, दुसरीकडे दोन हजार वर्षांचे अवशेष! त्यांची छायाचित्रे पाहून आमच्याही घरी बेत सुरू झाले. मुलांना समुद्र हवा होता, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईला गणेशपुरी. मी तानसा नदीचा नकाशा पुढे केला. प्राध्यापकाच्या खिशाला ही नदी मानवते.

गणेशपुरीस भीमेश्वराच्या देवळापाशी गरम पाण्याची कुंडे आहेत. स्वामी नित्यानंदांची समाधीही तेथेच. ते १९६१ साली समाधिस्थ झाले. आईने आधी गुडघे शेकले, मग हात जोडले. देवानेही या क्रमाला हरकत घेतली नसावी! शेजारच्या वज्रेश्वरीचे देऊळ चिमाजी अप्पांच्या नवसाचे म्हणून सांगतात. वसई जिंकण्यासाठी केलेला तो नवस. वसई हाती आली १७३९ साली.

तानसा पुढे वैतरणेला मिळते आणि वैतरणा अर्नाळ्यापाशी समुद्राला. आम्हीही नदीच्या मागोमाग निघालो आणि थोडी वाकडी वाट करून नालासोपाऱ्यात उतरलो. हेच प्राचीन शूर्पारक. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात याची नोंद आहे. म्हणजे भूमध्य समुद्राकडची माणसे आपल्याला केव्हाच ओळखत होती! येथल्या 'बुरूड राजाच्या कोटा'त १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना बौद्ध स्तूप सापडला. त्यातले करंडक मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहेत. त्याच साली सोपाऱ्यास अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही मिळाला.

मौज अशी, की त्या लेखाचा विषयच प्रवास आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेला, म्हणजे शिकारीला आणि करमणुकीला जात. अशोकाने धर्मयात्रा सुरू केली. साधूंचे दर्शन घ्यावे, वृद्धांना भेटावे, खेड्यापाड्यांतल्या लोकांशी बोलावे, एवढाच तिचा कार्यक्रम. आणि राजा सांगतो काय? तर यातच अधिक आनंद आहे! त्याने सुख सोडले नाही, फक्त त्याचे ठिकाण बदलले.

संध्याकाळी अर्नाळ्याच्या वाळूत मुले लाटांत धावत होती. आई एका कोळणीशी तिच्या नातवंडांविषयी बोलत बसली होती. निघायची घाई मी केली नाही. असे दिवस आता मोजकेच मिळणार, हे गुडघ्यांनी तिला आणि तिच्या गुडघ्यांनी मला केव्हाच सांगितले होते.

वाचकहो, परदेशी जरूर जा. पण घरातले वृद्ध चालू शकतात तोवर एक प्रवास त्यांच्या पावलाने करा. सम्राटाची तशी शिफारस आहे.