एका नावाची दोन माणसे

इतिहासाच्या पुस्तकात एकच नाव दोन ठिकाणी आले की विद्यार्थ्यांचा हमखास गोंधळ उडतो. एकाचा पराक्रम दुसऱ्याच्या पदरात पडतो आणि दुसऱ्याचा दोष पहिल्याच्या माथी बसतो. या घोटाळ्याने परीक्षेतील दोन गुण जातात, एवढेच त्याचे महत्त्व आहे असे आम्हांस वाटत नाही. ज्यांना आता आपली बाजू मांडता येत नाही, त्यांच्यावर तो अन्याय आहे.

बाजीरावांचेच उदाहरण घेऊ. थोरले बाजीराव १७२० मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, पेशवे झाले. १७२८ मध्ये पालखेड येथे त्यांनी निजामास कोंडीत धरले आणि १७४० मध्ये नर्मदाकाठी रावेरखेडी येथे, छावणीतच, देह ठेवला. आजोबांचे नाव नातवास ठेवण्याची आपली जुनी रीत आहे. रघुनाथरावांचे पुत्र दुसरे बाजीराव हे त्यांचे नातू. त्यांचा जन्म १७७५ मध्ये धार येथे झाला. त्यांनी १८०२ च्या अखेरीस वसईचा तह करून इंग्रजांचा आश्रय पत्करला, १८१८ मध्ये राज्य गमावले आणि सालिना आठ लाख रुपयांच्या तनख्यावर ब्रह्मावर्तास राहून १८५१ मध्ये ते वारले. "स्वतःला बाजीराव समजतोस काय?" असे आपण सहज बोलून जातो, कोणता बाजीराव, हे मात्र कोणी विचारीत नाही!

दोन्ही माणसे थोर असली म्हणजे घोटाळा अधिकच अवघड होतो. साताऱ्याचे छत्रपती शाहू महाराज १६८९ पासून १७०७ पर्यंत मोगलांच्या कैदेत होते. सुटून आल्यावर त्यांनी बाळाजी विश्वनाथ व थोरले बाजीराव यांच्यासारखी माणसे हाताशी धरून राज्य वाढविले. कोल्हापूरचे शाहू महाराज मूळचे कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव. १८८४ मध्ये दत्तक आल्यावर ते शाहू झाले. १९०२ मध्ये त्यांनी आपल्या संस्थानातील निम्म्या नोकऱ्या मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला. एकाने तुटू पाहणारे राज्य सावरले, तर दुसऱ्याने राज्याचे दार उपेक्षितांना उघडून दिले. नुसते 'शाहू महाराज' म्हटल्याने यांतील कोणते कार्य डोळ्यांपुढे येणार?

नावापुढे पहिला, दुसरा असे आकडे घातले की झाले, असे कोणी म्हणेल. परंतु आकड्याने क्रम कळतो, माणूस कळत नाही. म्हणून आमचे सांगणे असे की, नावाबरोबर गाव, काळ आणि निदान एक कार्य लक्षात ठेवावे. तेवढ्याने प्रत्येकाचे श्रेय त्याच्या त्याच्या घरी पोहोचते.

आपल्या शाळेच्या हजेरीपटावरही शिवाजी, माधव, अहिल्या अशी नावे पुष्कळ सापडतील. ती आईवडिलांनी मोठ्या हौसेने ठेवलेली असतात. पण नाव वारशाने मिळाले तरी कीर्ती वारशाने मिळत नाही, हे बाजीरावांच्या नातवाने दाखवून दिले आहे; आणि यशवंतराव घाटगे यांनी दत्तकाने आलेले नाव आपल्या कृतीने पुन्हा नवे केले. विद्यार्थिमित्रांनी या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.