सत्कार झाला, आता काडी ओढण्याआधी रानात एक फेरी मारू



परवा २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आमच्या गावच्या एका पोराचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, फेटा, टाळ्या, सगळं रीतसर. त्याचं नाव इथं टाकत नाही, त्यानंच नको म्हणून सांगितलंय. मोटारी रिवाइंड करायचं त्याचं दुकान आहे, घरची दीड एकर शेती आहे. आणि गावात कुठंही जाळ दिसला, कुणाचा ऊस पेटला, कुणाची गंजी पेटली, की पहिला पोचणारा तोच. पगार नाही, मानधन नाही. सरकारच्या ‘आपदा मित्र’ योजनेत त्यानं १२ दिवसांचं प्रशिक्षण घेतलंय. देशभरात ३५० जिल्ह्यांत असे १ लाख स्वयंसेवक तयार करायची ही योजना. आमच्या वाट्याला त्यातला हा एक आला.

सत्कार कशाबद्दल, तर ऊसतोड टोळीतलं हरवलेलं चार वर्षांचं पोर त्यानं शोधून काढलं. भाषणात सगळ्यांनी तेवढंच सांगितलं. त्या संध्याकाळी मी काय करायला निघालो होतो, हे कुणी बोललं नाही. कदाचित माझ्या वयाकडं बघून गप्प बसले असतील. म्हणून ते मीच सांगतो.

आमचा भाग जुन्नर-आंबेगाव पट्ट्यातला. उसात बिबट्या असतो हे आम्हाला कुणी सांगायला लागत नाही. झालं असं, की माझा ऊस दोन दिवस आधी तुटून गेला होता. रानात पाचट पडलेलं, बांधाच्या कडेला तर गुडघाभर ढीग. त्या दिवशी टोळी शेजारच्या चुलतभावाच्या उसात होती. टोळी बीडकडची, दहा कोयते. दिवस मावळायला आला, मोळ्या भरायची घाई चाललेली, आणि एका बाईनं हंबरडा फोडला. लेकरू दिसंना.

पाच मिनिटांत पन्नास माणसं गोळा झाली. ग्रामसुरक्षेच्या नंबरवरून गावातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर एकदम फोन गेला. जो तो उसात घुसून ओरडायला लागला. ऊस लोळलेला, सरीत तीन फुटांवरचं माणूस दिसत नाही. आणि प्रत्येकाच्या मनात एकच, बिबट्यानं तर नेलं नसंल?

मी तेव्हा काय म्हणालो ते ऐका. मी म्हणालो, “माझं पाचट पेटवतो. नाहीतरी आज जाळायचंच होतं. उजेड होईल, बिबट्या जवळ असला तर पळून जाईल.” चार जणांनी मान डोलवली. काडेपेटी खिशातच होती.

तेवढ्यात तो आला. गाडीवरून उतरता उतरताच ओरडला, “अण्णा, काडी ओढू नका. आधी पोर सापडू द्या.”

खरं सांगतो, मला राग आला. पोर उसात गेलंय, माझ्या तुटलेल्या रानात काय ठेवलंय? पण त्यानं माझ्या हातातली पेटी काढून घेतली आणि स्वतःच्या खिशात टाकली.

मग त्यानं काम वाटून दिलं. दोघं विहिरीवर, दोघं पाटाच्या कडेनं. पाण्याची जागा आधी बघायची, म्हणाला. एकाला ११२ ला फोन करायला लावला. ट्रॅक्टर बंद, गाड्या बंद. उसात घुसलेल्या सगळ्यांना शिट्टी मारून बाहेर काढलं आणि परत ओळीनं आत सोडलं, एका सरीला एक माणूस, हातात बॅटरी. जी सरी बघून झाली तिच्या तोंडाला सुतळी बांधायची. हाक एकट्या आईनं मारायची, बाकीच्यांनी दहा आकडे मोजेपर्यंत श्वास रोखून ऐकायचं. “पन्नास बाप्ये ओरडायला लागल्यावर लहान पोर ओ देत नाही, उलट दडून बसतं,” असं तो म्हणाला. हे मला आयुष्यात कधी सुचलं नसतं.

तास गेला. ऊस संपला, विहीर झाली, पाट झाला. काहीच नाही. थंडी पडायला लागली. तेव्हा तो म्हणाला, “आता अण्णांचं रान.”

आईनं बांधावर उभं राहून हाक मारली. आम्ही गप्प. दुसऱ्या हाकेला ढिगात खुसखुस झाली.

पोर माझ्याच पाचटात होतं. गार लागलं म्हणून ढिगात शिरलं आणि झोपलं. अंगावर पाचट ओढून घेतलेलं, वरून काहीच दिसत नव्हतं. मी जिथं काडी लावणार होतो तिथून वीस पावलं असतील. वाळलेलं पाचट कसं पेटतं हे तुम्हाला सांगायची गरज नाही. त्याला उठून पळायलाही वेळ मिळाला नसता.

त्या रात्री मी जेवलो नाही.

आता सत्काराबद्दल. गावात दोन तऱ्हेचं बोलणं चाललंय. काही म्हणतात, “त्यात काय एवढं, त्याचं कामच आहे ते.” अरे, त्याचं काम मोटारी भरायचं आहे. हे तो दुकानाचं शटर ओढून, दिवसाची कमाई सोडून करतो. दुसरे म्हणतात, “केला की सत्कार, झालं.” मला वाटतं दोघंही चुकतात. सत्कार व्हायलाच पाहिजे होता, झाला ते बरं झालं. पण तो ज्या सवयीपायी धावपळ करतो ती आपली सवय तशीच राहिली, तर ती शाल कशासाठी दिली?

त्याला दोन शब्द बोलायला लावले तेव्हा तो एवढंच म्हणाला, “टोळीतल्या लोकांनाही इथं बोलवायला पाहिजे होतं, निम्म्या सऱ्या त्यांनी बघितल्या. आणि पेटवायच्या आधी रानात एक फेरी मारत जा.” बसला खाली.

म्हणून माझं म्हणणं असं आहे.

१) पाचट जाळायचंच बंद करू. फेरी मारायचीही गरज उरणार नाही. एकरी साधारण ३ ते ४ टन पाचट निघतं, ते आपण धुरात घालवतो, वर खोडव्याचे कोंब भाजून घेतो. पाचट सरीत दाबा, बुडखे जमिनीलगत छाटा. पाचटाच्या टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन टाकून पाणी द्या. ओल टिकते, तण कमी येतं, सेंद्रिय कर्ब वाढतो. कृषी विद्यापीठ हे कधीपासून सांगतंय. मलाही माहीत होतं. एका दिवसात रान मोकळं होतं म्हणून मी काडी लावत होतो, दुसरं कारण नाही.

२) आपल्या रानात टोळी आली की लेकरं कुठं बसणार, हे आपण बघायचं. टोळीला पैसे टनावर मिळतात. एक बाई लेकरांजवळ बसली तर तिचा कोयता थांबतो, म्हणून कुणी बसत नाही. आपण खुशालीचे पैसे देतोच ना? मग तोड चालू असेपर्यंत एका म्हातारीची हजेरी दिली तर आपण गरीब होत नाही. एक सावली, एक पाण्याचा हंडा, विहिरीपासून लांब.

३) कठडा नसलेली विहीर आणि उघडा बोअर या हंगामाआधीच झाकून घ्या. बंद पडलेला बोअर खालून वरपर्यंत माती-दगडांनी बुजवायचा आणि चालू बोअरच्या तोंडावर पक्कं झाकण ठेवायचं, असं सुप्रीम कोर्टानं २०१० मध्येच सांगितलंय. आमच्याच तालुक्यात, थोरांदळ्यात, २०१९ साली सहा वर्षांचं पोर बोअरमध्ये पडलं होतं. रात्रभर झटून त्याला जिवंत वर काढलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. प्रत्येक वेळी नशीब साथ देत नाही.

४) त्या पोराला हत्यारं द्या. प्रशिक्षणात त्याला गमबूट, हेल्मेट, बॅटरी, दोरी, शिट्टी मिळाली. तेवढ्यावर तो ऊस विझवायला पळतो, बाकी आम्ही ओली पोती आणि निरगुडीच्या फांद्या घेऊन. ग्रामपंचायतीच्या आराखड्यात एक पाण्याची टाकी आणि तिच्यावर पॉवर स्प्रेअर घाला. आणि त्याच्याबरोबर अजून चार पोरं तयार करा. तो एक दिवस बाहेरगावी असला तर काय करणार आहोत?

माझ्यापुरतं सांगतो. यंदा खोडव्यात पाचट जाळलं नाही. दाबायला दोन गडी आणि चार दिवस गेले, खर्च झाला, नाही म्हणत नाही. पहिल्या पाण्यानंतर फुटवा कसा येतो ते फोटोसह इथंच टाकीन, बरा-वाईट जसा असेल तसा.

काडेपेटी त्याच्याकडंच राहिली. सत्काराच्या दिवशी परत द्यायला लागला, मी घेतली नाही.

तुमच्या भागात टोळीच्या लेकरांसाठी कुणी काही सोय करत असेल तर खाली लिहा. आम्हाला शिकायचंय.